नियम थोडे, निर्णय पूर्ण

१. दोन प्रश्न आणि एक चुकीचं उत्तर

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळायला पहिल्यांदा बोलावणं आलेला माणूस सहसा दोन गोष्टी विचारतो. ते भलंमोठं पुस्तक आधी वाचून यावं लागेल का? आणि मला अभिनय येत नाही, तरी चालेल का? दोन्हींच्या मुळाशी एकच धास्ती असते, की चारचौघांत आपलं हसं होईल. बोलावणारे मित्र प्रेमळ असतात, आणि प्रेमापोटीच ते म्हणतात, 'तू काळजी करू नकोस, आम्ही सांगू तसं करत जा.' मग नवा माणूस तीन-चार तास टेबलाशी बसतो, सांगितलं की फासा टाकतो, आकडा वाचून दाखवतो, आणि पुढच्या वेळी त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. त्याला नियम समजले नाहीत म्हणून तो गेला, असं मित्रांना वाटतं. माझ्या मते तो गेला याचं कारण वेगळं आहे. त्या चार तासांत त्याच्यामुळे काहीच घडलं नाही.

या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: नव्या खेळाडूवरचं नियमांचं ओझं जितकं कमी करता येईल तितकं करावं, पण त्याच्या निर्णयाचं वजन तसूभरही कमी करू नये. हे पटवून देण्याआधी खेळ काय असतो ते थोडक्यात पाहू.

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सर्वांत प्रसिद्ध खेळात त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. त्या पात्राची माहिती एका कागदावर असते, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि त्यातून काय झालं ते पुन्हा डीएम सांगतो. जिथे निकाल कुठल्याही बाजूला जाऊ शकतो तिथे फासे टाकायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट पुढे सरकते. सगळा खेळ बोलण्यातून चालतो.

फाशांचं गणित दिसतं तेवढं अवघड नाही. समजा, पात्राला खंदकावरून उडी मारायची आहे. डीएमने अवघडपणाचा आकडा ठरवला १३. पात्र चपळ आहे, म्हणून त्याच्या शीटवर या कामासाठी ५ गुण जादा आहेत. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात ५ मिळवायचे. बेरीज १३ किंवा जास्त झाली तर उडी जमली. म्हणजे फाशावर ८ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. असे आकडे १३ आहेत, एकूण बाजू २०, तेव्हा उडी जमण्याची शक्यता १०० पैकी ६५. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आजच्या आवृत्तीचा कणा हाच आहे. पुस्तकाची उरलेली शेकडो पानं या एका कृतीचे तपशील, अपवाद आणि खास बाबी सांगतात. पहिल्या दिवशी नव्या खेळाडूला एवढंच ठाऊक असलं तरी पुरतं.

२. हाताबाहेर गेलेला एक खेळ

पहिल्या दिवशी एवढंच पुरतं, याला पुरावा काय? पुरावा या खेळाच्या जन्मातच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांमध्ये, युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक गट होता. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं, तक्ते पाहून कोण मेलं ते ठरवायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यातल्या डेव्हिड वेसलीने नेपोलियनच्या काळातल्या एका लढाईसाठी ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव रचलं. सेनापती दोनच असणार आणि खेळायला आलेले बरेच, म्हणून त्याने उरलेल्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला स्वतःचा एक हेतू दिला.

वेसलीच्या अपेक्षेप्रमाणे खेळ झालाच नाही. खेळाडू एकमेकांशी परस्पर बोलू लागले, दुसऱ्या खोलीत जाऊन कट करू लागले, ज्यांसाठी एकही नियम लिहिलेला नव्हता अशा गोष्टी करायला मागू लागले. लढाई सुरूसुद्धा झाली नाही. वेसलीला वाटलं, आपला प्रयोग फसला. खेळाडूंना मात्र तो इतका आवडला की पुन्हा असंच काहीतरी कर म्हणून ते त्याच्या मागे लागले. पुढच्या एका खेळात त्याने लॅटिन अमेरिकेतला एक काल्पनिक देश घेतला. त्यात डेव्ह आर्नेसन नावाच्या खेळाडूकडे एका विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका होती आणि त्याला गुण मिळणार होते ते पत्रकं वाटण्याबद्दल. आर्नेसनने भूमिका आणि हेतू या दोनच गोष्टींच्या जोरावर सगळा डाव आपल्याकडे फिरवला. याच आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाची आपली काल्पनिक दुनिया चालवली, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला.

ही हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ब्राउनस्टाइनच्या त्या पहिल्या दिवशी टेबलाशी बसलेले सगळेच नवखे होते, कारण असा खेळ तोवर कुणी खेळलेलाच नव्हता. शिकवायला जुने जाणते नव्हते आणि वाचायला पुस्तक नव्हतं. तरी ते रमले. त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या: आपण कोण आहोत हे माहीत होतं, आपल्याला काय हवंय हे माहीत होतं, आणि आपण जे करू त्याने गावात खरोखर फरक पडतोय हे त्यांना दिसत होतं. नव्या खेळाडूसाठी आज आपण जी काही सोय करू ती या तीन गोष्टींच्या कसोटीवर तपासून पाहावी.

३. कच्चं लिंबू

आपल्याकडे लहान मुलांच्या खेळात एखादं अगदी धाकटं पोर हट्टाने घुसलं की मोठी मुलं त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, सगळ्यांचेच नियम पाळतं, पण ते आउट झालं तरी मोजायचं नाही आणि त्याने कुणाला पकडलं तरी धरायचं नाही. 'आम्ही सांगू तसं कर' म्हणणारे मित्र नव्या खेळाडूचं नेमकं हेच करतात. त्याचा फासा चुकला की 'असू दे, पुन्हा टाक' म्हणतात. त्याने धोक्याचा बेत मांडला की 'नको, त्यापेक्षा तू मागे थांबून बाण मार' असं सुचवतात. त्याचं पात्र मरायला टेकलं की डीएम गुपचूप आकडा बदलतो. यातल्या प्रत्येक गोष्टीत आपुलकी आहे, आणि प्रत्येक गोष्ट त्याला एकच निरोप देते: तू आहेस, पण मोजलेला नाहीस. चार वर्षांच्या मुलाला तेवढंही पुरतं. तिशीतल्या माणसाला पुरत नाही.

नवशिक्याला सांभाळून घेण्याची दुसरी रीत जगात आहे, आणि तिचा नीट अभ्यासही झाला आहे. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणारी मुलं काम कसं शिकतात ते पाहिलं. त्यावरचे आपले विचार त्यांनी एतियेन वेंगर यांच्याबरोबर १९९१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. तिथली मुलं कपडा जसा तयार होतो त्याच्या उलट्या क्रमाने शिकत. आधी गुंड्या लावणं आणि काठ दुमडणं, मग शिवणं, आणि बेतण्यासाठी कात्री हातात यायची ती सगळ्यांत शेवटी. कारण उघड आहे, गुंडी चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर वाया जातं. पण पहिल्या दिवसाची ती गुंडीसुद्धा खऱ्या कपड्यावर लागत असे. काम छोटं असलं तरी ते लटकं नव्हतं. लेव्ह आणि वेंगर यांचं म्हणणं असं, की माणूस शिकतो तो अशा काठाकाठाने घेतलेल्या पण खऱ्या सहभागातून.

आपल्या टेबलावर याचा अर्थ असा, की नव्या खेळाडूच्या हातातल्या गोष्टी मोजक्या असाव्यात आणि त्यांचे परिणाम खरे असावेत. यावर अनुभवी लोक पटकन एक सल्ला देतात: नव्याला योद्धा द्या, जादूगार देऊ नका, मंत्रांची यादी त्याला झेपणार नाही. मला हा सल्ला अर्धाच पटतो. ज्या मुलीला या खेळाकडे जादूनेच ओढलं तिच्या हाती तलवार देणं म्हणजे तिची ओढच काढून घेणं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे तीन किरकोळ मंत्र असतात, ते कितीही वेळा वापरता येतात. वहीत सहा मोठे मंत्र असतात, पण विश्रांती घेतल्याशिवाय ते एकूण दोनदाच टाकता येतात. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात, प्रत्येकी एका ओळीत मावतं. पुस्तकातलं तीनशेवं पान तिला उघडावं लागू नये, एवढी काळजी डीएमने घेतली की झालं.

४. प्रकाशकांनाही हे उमगायला वेळ लागला

१९७४ ची मूळ आवृत्ती म्हणजे एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई एक हजार प्रतींची. लिहिणाऱ्यांनी वाचक युद्धखेळ खेळणारा आहे असं गृहीत धरलं होतं. ज्याला त्या जगाचा गंध नव्हता त्याला त्या पुस्तिका दुर्बोध वाटत. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या मज्जासंस्थेच्या डॉक्टरने नव्यांसाठी सोपी मांडणी करून दिली, आणि तिथून 'बेसिक' संचांची परंपरा सुरू झाली. माझ्या दृष्टीने या परंपरेतला सर्वांत मोठा शोध १९८३ चा आहे. फ्रँक मेंट्झर यांनी लिहिलेल्या लाल पेटीतली खेळाडूची पुस्तिका नियमांनी सुरू होत नाही. ती थेट वाचणाऱ्यालाच एक योद्धा करून गुहेत नेते. तिथे त्याला अलीना नावाची एक स्त्री भेटते, त्याच्याशी मायेने बोलते, त्याच्या जखमा बऱ्या करते. पुढे बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारून टाकतो. वाटेत एकेक नियम येतो, तोही जेव्हा लागतो तेव्हाच. मार लागला की 'हिट पॉइंट', म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा, काय असतो ते कळतं, त्याआधी नाही. त्या पेटीतून खेळ शिकलेले लोक आजही बार्गलचं नाव रागाने घेतात. अलीनाचं मरण मेंट्झर यांनी मऊ केलं नाही. नव्या वाचकाला त्यांनी नियम थोडे दिले, पण दुःख पुरतं दिलं.

जपानमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथे १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या संगणकखेळांच्या मासिकात एका गटाच्या खेळाचं लिखित संभाषण छापून येऊ लागलं. डीएम काय म्हणाला, खेळाडू काय म्हणाले, असं नाटकासारखं. याला तिकडे 'रीप्ले' म्हणतात. 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही प्रसिद्ध कथा अशाच रीप्लेमधून आली. माणसं टेबलाशी बसून नेमकं काय बोलतात, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की नियमपुस्तकाची भीती आपोआप ओसरते. १९८९ मध्ये आलेल्या 'सोर्ड वर्ल्ड' या जपानी खेळाने तर वीस बाजूंचे फासेसुद्धा टाळले आणि घरोघरी असणाऱ्या साध्या सहा बाजूंच्या फाशांवर सगळं भागवलं.

५. 'तू काय करतेस?' हा प्रश्न अपुरा आहे

आता प्रत्यक्ष टेबलाकडे येऊ. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमधल्या साहसाची सुरुवात अशी आहे: पात्रं मालाची गाडी घेऊन एका गावाकडे निघाली आहेत, आणि जंगलातल्या वाटेवर दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात. अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले. झुडपांत गॉब्लिन दबा धरून आहेत, पण खेळाडूंना ते अजून माहीत नाही. डीएम हे वर्णन करतो आणि नव्या खेळाडूकडे वळून विचारतो, 'बोल, तू काय करतेस?'

जुन्या खेळाडूला हा प्रश्न म्हणजे मोकळं मैदान वाटतं. नवीला तोच प्रश्न तोंडी परीक्षेसारखा वाटतो, कारण काय-काय करता येतं याची हद्दच तिला दिसत नाही. मग ती बाकीच्यांच्या तोंडाकडे बघते, कुणीतरी तिच्या वतीने उत्तर देतं, आणि ती बैठकीच्या दहाव्या मिनिटालाच कच्चं लिंबू होते. याऐवजी डीएम असं म्हणू शकतो: 'तू गाडीच्या पुढच्या बाजूला बसली आहेस, म्हणून घोडे पहिल्यांदा तुलाच दिसले. बाकीच्यांना अजून काही कळलेलं नाही. उतरून घोडे जवळून बघशील, गाडी थांबवून सगळ्यांना सावध करशील, की डावीकडच्या झुडपांवर नजर ठेवशील? किंवा आणखी काही सुचत असेल तर तेही सांग.' इथे तिला तीन वाटा दिसल्या आणि चौथी खुली राहिली. शिवाय या क्षणी जे तिला माहीत आहे ते टेबलावरच्या दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, म्हणून तिच्या तोंडून शब्द निघेपर्यंत गोष्ट पुढे जाऊच शकत नाही. तासाभराने याच वाटा तीनवरून दोन, मग एक करत जायचं, आणि शेवटी नुसतं 'तू काय करतेस?' विचारलं तरी चालतं.

मात्र तिने चौथी वाट निवडली तर ती खरोखर चालू द्यायला हवी. समजा ती म्हणाली, 'मी मेलेल्या घोड्याच्या खोगिरात हात घालून मालकाचं नाव मिळतं का ते पाहते.' डीएमच्या मनात लढाई तयार असते, पात्रं जवळ गेली की बाण सुटायचे असतात. तरीसुद्धा खोगिरात तिला काहीतरी मिळू द्यावं, मग बाण सुटू द्यावेत. तिची पहिली स्वतःची कल्पना जर हवेत विरली, तर दुसरी ती बोलून दाखवेल याची खात्री नाही.

६. आक्षेप

इथे एक रास्त आक्षेप येतो. नियम माहीत नसताना घेतलेला निर्णय हा निर्णय कसला? ती तर अंधारातली उडी झाली. आणि त्याचे परिणाम तिला भोगायला लावणं हा अन्याय नाही का? याला उत्तर देण्यासाठी आणखी मागे जावं लागतं. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी राइसवित्झ याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ तयार केला. त्यात तक्ते, फासे, आकडेमोड भरपूर होती, पण ती सगळी पंचाने करायची. खेळणारे अधिकारी आपले हुकूम लिहून देत, जसे प्रत्यक्ष रणांगणावर दिले असते तसेच. पुढे १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने त्याही पुढे जाऊन तक्ते बाजूला ठेवले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. या अधिकाऱ्यांना नियम येत नव्हते म्हणून त्यांचे निर्णय पोकळ होते असं कुणी म्हणालं नाही. त्यांना परिस्थिती कळत होती, आणि निर्णय परिस्थितीवर घेतला जातो.

आक्षेपातला खरा भाग मात्र मान्य करायला हवा. परिस्थिती कळली पाहिजे, म्हणजे धोकाही कळला पाहिजे. म्हणून नव्या खेळाडूने फासा उचलण्याआधी डीएमने दोन गोष्टी उघड सांगाव्यात, शक्यता किती आणि चुकलं तर काय. 'खंदक वीस फूट खोल आहे. जमण्याची शक्यता साधारण पासष्ट टक्के. पडलीस तर जीव जाणार नाही, पण जबर लागेल आणि आवाजाने पहारेकरी येईल. मारायची उडी?' आता ती 'नको' म्हणू शकते. 'हो' म्हणाली तर परिणाम तिचे स्वतःचे आहेत. नंतर फासा पुन्हा टाकायला देणं, आकडा लपवणं यापेक्षा आधी स्पष्ट सांगणं हा कितीतरी मोठा सन्मान आहे. याच कारणासाठी काही नव्यांना 'कॉल ऑफ कथुलू' हा १९८१ चा खेळ अधिक सोपा जातो. त्यात कौशल्य थेट शंभरापैकी लिहिलेलं असतं. ग्रंथालयात संदर्भ शोधण्याचं कौशल्य ६० असेल तर फाशांवर ६० किंवा कमी आलं की जमलं. शिवाय पात्रं पत्रकार, डॉक्टर, प्राध्यापक अशी ओळखीची असतात, आणि पत्रकार काय-काय करू शकतो हे कुणाला शिकवावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या खेळाडूंचा. नव्यासाठी सगळं सावकाश चालवलं तर आम्ही कंटाळतो, आमचा वेळ नाही का? आहे, पण बैठक रेंगाळते ती बहुधा मध्येच दिल्या जाणाऱ्या नियमांच्या व्याख्यानांमुळे, आणि व्याख्यानं देणारे जुनेच असतात. 'मी झाडावरून त्याच्या अंगावर झेप घेते' म्हणायला नवीला पाच सेकंद लागतात. त्यावर कुठला नियम लागू, याचा वाद दहा मिनिटं चालतो. जुन्यांनी एक पथ्य पाळलं तर बराच फरक पडेल: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि द्यायचा तर आपल्या पात्राच्या तोंडून द्यायचा. 'तू हा मंत्र वापर, त्यात नुकसान जास्त होतं' हे बोलणं टेबलावरचं आहे. 'पोरी, त्या राक्षसाला आगीची भीती वाटते असं माझा आजा सांगायचा' हे बोलणं गोष्टीतलं आहे. दुसऱ्यात माहिती तीच आहे, पण निर्णय तिच्या हातात राहतो, आणि तिला उत्तर द्यायला एक माणूसही समोर मिळतो.

तयार पात्रांवरही आक्षेप घेतला जातो, की दुसऱ्याने बनवलेल्या पात्राबद्दल आपलेपणा कसा वाटणार? स्टार्टर सेटच्या त्याच पेटीत पाच तयार पात्रं आहेत, आणि प्रत्येकाचा त्या परिसराशी स्वतःचा असा धागा आहे. एक बुटका पुरोहित साहसातल्या हरवलेल्या भावांचा चुलतभाऊ आहे. एका चोराला त्या गावातल्या रेडब्रँड टोळीने दगा दिलेला आहे. ब्राउनस्टाइनमधल्या सावकार-नगराध्यक्षांसारखाच, इथेही कागदासोबत हेतू आलेला आहे. नाव, रूप आणि 'या हेतूसाठी तू किती टोकाला जाशील?' या प्रश्नाचं उत्तर एवढं खेळाडूसाठी मोकळं ठेवलं की आपलेपणाची तजवीज झाली. पात्र शून्यातून घडवायला तास-दोन तास सहज जातात, आणि ज्या निवडींचा अर्थ अजून कळत नाही अशा डझनभर निवडी त्या वेळात कराव्या लागतात. पहिल्या संध्याकाळी मी हे कुणालाही सुचवणार नाही.

७. अभिनय येत नाही, तर?

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी या खेळांच्या सुरुवातीच्या वर्षांत मिनिॲपोलिसच्या परिसरात खेळाडूंसोबत बसून निरीक्षण केलं आणि १९८३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आर्विंग गॉफमन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाचे विचार वापरून ते दाखवतात, की टेबलाशी बसलेला प्रत्येक जण तीन थरांवर वावरत असतो. एक, घरी परतायची घाई असलेला खरा माणूस. दोन, फासे आणि आकडे पाहणारा खेळाडू. तीन, गोष्टीतलं पात्र. आणि माणसं या थरांमधून सतत, क्षणोक्षणी ये-जा करतात. अखंड तिसऱ्या थरात कुणीच राहत नाही.

नव्याला हे सांगण्यासारखं आहे, कारण २०१५ मध्ये सुरू झालेल्या, एका गटाला हा खेळ खेळताना दाखवणाऱ्या 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाने कित्येकांना खेळाची ओढ लावली आणि सोबत एक दडपणही दिलं. त्यातली मंडळी व्यवसायाने आवाजाचे अभिनेते आहेत. आवाज बदलून, डोळ्यांत पाणी आणून बोलणं हे त्यांचं रोजचं काम आहे. आपल्या टेबलावर 'ती त्याला सांगते, की पैसे उद्या मिळतील, पण खरं तर ती खोटं बोलतेय' एवढं वाक्य पुरेसं आहे. यात पात्राचा हेतू आहे, कृती आहे आणि धोकाही आहे. आवाज बदलला काय, न बदलला काय, डीएमला पुढे न्यायला जे लागतं ते सगळं या वाक्यात आलं.

८. गप्प बसलेला खेळाडू, आणि 'काही झालं नाही'

रॉबिन लॉज यांनी २००२ मध्ये डीएमसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात खेळाडूंचे प्रकार दिले आहेत. त्यात एक प्रकार नुसता मित्रांच्या सोबतीसाठी आलेल्याचा आहे. त्याला बळेबळे पुढे ओढू नये, असं ते बजावतात. हे लक्षात ठेवावं. मी निर्णयाच्या वजनाबद्दल बोलतो आहे, निर्णयांच्या संख्येबद्दल नाही. संध्याकाळभरात दोनदाच बोललेली पण दोन्ही वेळा गोष्टीचं तोंड फिरवून गेलेली खेळाडू पुन्हा येते. गप्पपणामागे कधी अस्वस्थताही असू शकते. एखादा विषय नको असेल तर समोरच्या कार्डाला हात लावायचा आणि कारण न विचारता तो विषय सोडायचा, अशी 'एक्स-कार्ड' नावाची सोपी सोय २०१३ पासून प्रचारात आहे. नव्या माणसाला ती सुरुवातीलाच दाखवावी, कारण ओळख नसलेल्या टेबलावर 'थांबा' म्हणायला फार धीर लागतो.

अधिक वेळा मात्र माणूस गप्प होतो तो वाट पाहून. हिशोब करून बघा. लढाईच्या प्रसंगात पाच खेळाडू आणि डीएम आपापली पाळी घेतात. प्रत्येकाला तीन मिनिटं लागली तर फेरी अठरा मिनिटांची, म्हणजे नवी खेळाडू पंधरा मिनिटं नुसती ऐकते. तिची पाळी येते, फासा पडतो, पासष्ट टक्के शक्यता असूनही वार हुकतो. डीएम म्हणतो, 'हुकला. पुढचा.' सलग दोनदा हुकण्याची शक्यता शंभरात बारा आहे, म्हणजे आठेक नव्या खेळाडूंमागे एकीच्या वाट्याला हे पहिल्या दोन पाळ्यांतच येणार. अर्ध्या तासात तिने केलेल्या कशानेही जगात काडीचा फरक पडलेला नसतो.

व्हिन्सेंट बेकर यांचा २०१० मधला 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा खेळ या जागेवर नेमकं बोट ठेवतो. त्यात सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करायची. दहा किंवा वर आलं तर हवं ते मिळालं. सात ते नऊ आलं तर मिळालं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा खाली आलं तर डीएम संकट पुढे आणतो. कुठलाही जादा गुण नसेल तर दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पहिल्या गटात पडतात, १५ दुसऱ्या आणि १५ तिसऱ्या गटात. 'काहीच झालं नाही' असा निकाल त्यात मुळातच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतानाही ही युक्ती उसनी घेता येते. वार हुकला तर हुकलाच, आकडा बदलायचा नाही. पण 'तुझी तलवार झाडात रुतली, आणि त्या दणक्याने वरचा तिरंदाज तोल जाऊन फांदीला लोंबकळतोय' असं काहीतरी घडू द्यावं. तिच्या अपयशालाही वजन मिळतं, आणि पुढच्या खेळाडूच्या हाती नवं काहीतरी पडतं.

९. दुसरी बैठक

पहिल्या बैठकीनंतर नियम शिकवायला हरकत नाही, उलट आता ते शिकायची इच्छा झालेली असते. क्रम मात्र पुस्तकाचा नसावा, तिने केलेल्या गोष्टींचा असावा. तिने झाडावरून झेप घेतली होती ना, मग पडल्यावर किती लागतं तो नियम आज. तिने पहारेकऱ्याला थाप मारली होती, मग थाप आणि मनधरणी यांचे आकडे वेगळे का असतात ते आज. एका बैठकीला असे एक-दोन नियम, जास्त नाहीत.

मराठी गटांपुढे इथे एक जास्तीची अडचण असते. पुस्तक इंग्रजीत, आणि टेबलावरची माणसं आपसांत मराठीत बोलणारी. इंग्रजीत बोलायला कचरणारा नवा खेळाडू तोंडच उघडत नाही, आणि त्याला खेळ आवडला नाही असं बाकीच्यांना वाटतं. फासा इंग्रजी मोजत नाही. कागदावर 'हिट पॉइंट' लिहिलेलं असू द्या, गॉब्लिनला शिव्या मराठीत घालू द्या. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. मूळ लेखनाचं श्रेय नमूद करून तो कुणालाही भाषांतरित करता येतो, छापून वाटता येतो. नव्या खेळाडूसाठी त्यातली दोन-तीन पानं स्वच्छ मराठीत करून ठेवणं हे एखाद्या गटाचं दोन संध्याकाळींचं काम आहे.

आणि बैठक संपताना डीएमने नव्या खेळाडूला एक नेमका प्रश्न विचारावा: पुढच्या वेळी तुझ्या पात्राला कुठे जायचं आहे? 'मजा आली का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्यातून काही कळत नाही. ती जर म्हणाली, 'त्या खोगिरावर ज्याचं नाव होतं त्याच्या घरी जाऊन कळवायचंय,' तर डीएमने पुढच्या बैठकीसाठी जे काही तयार केलं असेल ते बाजूला ठेवावं आणि त्या घराची तयारी करावी. घरात कोण आहे, त्यांना बातमी आधीच कळली आहे का, आणि दार उघडणाऱ्याला तिच्याकडून काय हवं आहे.